एका गुरूच्या घरातले दोन हात : क्लारा शूमानची तालीम आणि रॉबर्टचे बोट

जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये फ्रीडरिश वीक पियानो शिकवायचा आणि विकायचाही. १८३० च्या ऑक्टोबरात त्याच्या घरी दोन शिष्य एका छपराखाली राहू लागले. एक त्याची मुलगी क्लारा, वय अकरा. दुसरा रॉबर्ट शूमान, वय वीस, कायद्याचा अभ्यास सोडून आलेला, पुढे संगीतकार म्हणून गाजलेला आणि क्लाराचा नवरा झालेला. दोन वर्षांच्या आत रॉबर्टच्या उजव्या हाताचे मधले बोट निकामी झाले आणि मैफलीचा वादक होण्याचा नाद त्याला सोडावा लागला. क्लारा गेवांडहाउस सभागृहात पहिल्यांदा वाजवली ती १८२८ मध्ये, नऊ वर्षांची असताना. तिची शेवटची जाहीर मैफल झाली १२ मार्च १८९१ रोजी. मध्ये बासष्ट वर्षे गेली.

गुरू तोच, वाद्ये तीच, शहर तेच. मग एक हात टिकला आणि एक मोडला, असे का? नशीब म्हणून हा प्रश्न सोडून देता येतो, पण दोघांच्या डायऱ्या आणि पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांतून रोजच्या सरावाचे चित्र बऱ्यापैकी स्पष्ट उभे राहते. क्लाराने पुढे स्वतः शिकवायला घेतले तेव्हा वडिलांच्या पद्धतीतले काय ठेवले आणि काय टाकले, हेही समजते. पियानो शिकवणाऱ्या कोणालाही हे प्रकरण उपयोगी आहे, कारण आजही बोटे बिघडतात ती बहुतेक याच कारणांनी.

वीकची पद्धत

क्लाराचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ चा. चार वर्षे उलटली तरी ती बोलत नव्हती. घरच्यांना वाटे, हिला ऐकू कमी येते. आई मारियान ही स्वतः गायिका आणि पियानोवादक होती, पण आईवडिलांचे पटेना. दोघे वेगळे झाले आणि सॅक्सनीच्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांच्या क्लाराला १८२४ मध्ये वडिलांच्या ताब्यात द्यावे लागले. त्याच शरद ऋतूत तिचे रीतसर धडे सुरू झाले.

वीकने सुरुवातीला तिच्यासमोर कागद ठेवला नाही. तो छोटे छोटे तुकडे स्वतः रचे, वाजवून दाखवी आणि ती ते कानाने उचले. तुकडा बोटांत बसला की तोच दुसऱ्या सुरावरून, मग तिसऱ्या, असे करत मेजर-मायनर सगळ्या स्वरपट्ट्यांतून फिरवायचा. कॅडेन्स, म्हणजे वाक्य संपवणाऱ्या कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांची) जोडणी, तीही अशीच सर्व पट्ट्यांत. या क्रमाचा फायदा उघड आहे. स्वरलेखन वाचायची वेळ आली तोवर मुलीला कीबोर्ड न बघता सापडत होता, डोळे कागदावर ठेवायला मोकळे होते, आणि कागदावरची खूण दिसण्याआधी सूर कानात वाजत होता. वाचन आधी आणि कान नंतर, हा उलटा क्रम लावला की मूल कागदाकडून कीबोर्डकडे आणि कीबोर्डकडून कागदाकडे मान फिरवत राहते, दर वेळी हाताची जागा चुकते आणि ती चूक झाकायला बोटे कडक होतात.

दुसरी गोष्ट वेळेची. बालवयात रोज एक तास धडा आणि दोन तास सराव, एवढेच. उरलेल्या दिवसात लांब फिरणे, जे वीकच्या घरी धड्याइतकेच सक्तीचे होते, आणि संध्याकाळी ऑपेरा किंवा मैफल ऐकणे. शाळा तिच्या वाट्याला जेमतेम दीड वर्ष आली. पुढे सेंट थॉमस चर्चचे संगीतप्रमुख टेओडोर वाइनलिग यांच्याकडे संगीतशास्त्र, हाइनरिश डॉर्न यांच्याकडे रचना, शिवाय व्हायोलिन आणि गायन. गायनाची तालीम शोभेसाठी नव्हती. वीकचे म्हणणे असे की पियानोचा सूर गळ्यातून आल्यासारखा निघाला पाहिजे, आणि ज्याला श्वास कुठे घ्यायचा कळत नाही त्याला मनगट कुठे सैल सोडायचे हेही कळणार नाही.

हाताबद्दलचे त्याचे नियम थोडेच होते. बोट कळेच्या अगदी जवळ ठेवायचे, उंचावरून आपटायचे नाही. कळ दाबायची. मनगट सैल. सराव आधी हळू आणि हलक्या आवाजात. ट्रिल, म्हणजे शेजारचे दोन सूर झपाट्याने आलटून-पालटून वाजवणे, रोज, पण थोडा. थकवा जाणवला की उठायचे.

या पद्धतीला एक काळी बाजू होती आणि ती लपवून प्रकरण नीट समजत नाही. क्लाराची डायरी वीकने १८२७ मध्ये सुरू केली आणि बराच काळ तोच ती ‘मी’ म्हणून लिहीत राहिला. मुलीच्या तोंडून बापाचे शब्द. मुलांवर हात उगारायलाही तो कचरत नसे. धाकटा आल्विन नीट वाजवला नाही म्हणून वीकने त्याला खाली पाडून केस ओढले, हे १८३१ मध्ये रॉबर्टने डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले आहे. त्या वेळी क्लारा काही न झाल्यासारखी पियानोवर बसली, हेही त्याने नोंदवले. हातांची काळजी घेणारा हा माणूस मुलांच्या मनाची काळजी घेत नव्हता.

दुसरा हात

ऑगस्ट १८३० मध्ये वीकने रॉबर्टच्या आईला पत्र लिहून खात्री दिली की तीन वर्षांत मी तुमच्या मुलाला पहिल्या रांगेतला पियानोवादक करीन. अट अशी की त्याने जवळजवळ रोज धडा घ्यावा आणि कोरडे वाटणारे शास्त्रही शिकावे.

ही अट पाळली गेली नाही, आणि त्यात दोष दोघांचा. रॉबर्टला सावकाशीचा सराव कंटाळवाणा वाटे. दुसरीकडे वीकचे लक्ष क्लारावर खिळले होते. १८३१ च्या सप्टेंबरात तो तिला घेऊन वायमार आणि तिथून पॅरिसच्या दौऱ्यावर निघाला. वायमारमध्ये वृद्ध कवी गोएटेसमोर तिचे वादन झाले. बापलेक परतले ते १८३२ च्या मे महिन्यात. म्हणजे ज्या काळात रॉबर्टचे बोट हाताबाहेर गेले, नेमके त्याच काळात त्याला पाहणारे कोणी घरात नव्हते.

बोटाची तक्रार मात्र त्याही आधीची. हायडेलबर्गला शिकत असताना, १८३० च्या जानेवारीत, बधिर झालेल्या बोटाचा उल्लेख त्याच्या डायरीत येतो. तेव्हा तो दिवसाचे सहा-सात तास वाजवायचा. मधल्या बोटाचा कमकुवतपणा घालवायला त्याने एक साधन वापरले. डायरीत तो त्याला ‘सिगार-यंत्र’ म्हणतो. एक बोट अडकवून, ताणून धरायचे आणि बाकीच्यांनी वाजवायचे, अशी या जातीच्या साधनांची साधारण कल्पना. त्या काळी हात धरून ठेवणाऱ्या अशा चौकटी आणि पट्टे बाजारात मिळायचे, लोक विकतही घ्यायचे. १८३२ च्या जूनमध्ये त्याने लिहिले की मधले बोट पूर्ण ताठर झाले आहे.

मग उपचार सुरू झाले आणि तेही त्या काळाला शोभणारे : ब्रँडीच्या पट्ट्या, वनस्पतींचे लेप, नुकत्याच कापलेल्या जनावराच्या शरीरात हात बुडवून ठेवणे, विजेचे झटके, होमिओपॅथी. कशाचाही उपयोग झाला नाही. १८५३ मध्ये वीकने आपल्या पुस्तकात, नाव न घेता, एका प्रसिद्ध शिष्याने माझ्या पाठीमागे बोटे छळणारे यंत्र वापरले असे लिहिले. स्वतःवरची जबाबदारी झटकण्याचा हेतू त्यात दिसतो, पण मजकूर खोटा म्हणता येत नाही.

झाले काय होते? पाऱ्याच्या औषधाने मज्जातंतू बिघडले, असा एक तर्क १९७० च्या दशकात मांडला गेला. संगीतकारांवर उपचार करणारे बरेच डॉक्टर आज फोकल डिस्टोनियाकडे बोट दाखवतात. या विकारात सहसा दुखत नाही. सुई ओवता येते, पेन धरता येते. पियानोवर मात्र तेच बोट आत वळते किंवा ताठ होते. बिघाड बोटात नसतो, मेंदूत असतो. मेंदूत प्रत्येक बोटाचा वेगळा नकाशा असतो. एकच हालचाल तासन्‌तास, वेगाने, चिंतेने आणि जोर लावून केली की शेजारच्या बोटांचे नकाशे एकमेकांत मिसळू लागतात. मग एक बोट उचलण्याचा हुकूम दुसऱ्यालाही जातो. अशा वेळी वादक हमखास एकच गोष्ट करतो : सराव वाढवतो. बोट बांधून ताणणे म्हणजे त्याच आगीत तेल. ते बोट कमजोर नसतेच, त्यामुळे त्याला बळ देण्याच्या उपायाने बिघाड पक्का होतो.

दोघांचा दिवस शेजारी ठेवून पाहिला तर फरक डोळ्यांत भरतो. क्लाराचे तीन तास, त्यातला एक समोर बसलेल्या गुरूसह. रॉबर्टचे सहा-सात, बरेचसे एकट्याने. तिने पाचव्या वर्षी सुरुवात केली, त्याने वेगाचा ध्यास घेतला तो विशीत. तिच्या हातातली कामे सतत बदलत : सुरावटी, कॅडेन्स, जुळवणी, गाणे, फिरणे. तो एका दोषाभोवती घुटमळत राहिला. आमच्या मते निर्णायक मुद्दा शेवटचा. वय परत आणता येत नाही, तास कमी करता येतात. पण ‘हे एक बोट सुधारल्याशिवाय पुढे जाणार नाही’ हा हट्ट जो शिक्षक वेळीच ओळखतो, तोच शिष्याचा हात वाचवतो.

मधली वर्षे

१८३८ च्या मार्चमध्ये व्हिएन्नाच्या दरबाराने अठरा वर्षांच्या क्लाराला राजवादकाचा किताब दिला. वीकचा रॉबर्टशी लग्नाला कडाडून विरोध होता. प्रकरण कोर्टात गेले, निकाल जोडप्याच्या बाजूने लागला आणि १२ सप्टेंबर १८४० रोजी, तिच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, शोनेफेल्डच्या चर्चमध्ये लग्न झाले. पुढच्या चौदा वर्षांत आठ मुले झाली. एक तान्हेपणीच गेले. घराच्या भिंती पातळ. रॉबर्ट रचना करत असला की तिला पियानो बंद ठेवावा लागे, आणि माझे वादन मागे पडते आहे ही खंत ती डायरीत लिहीत राही.

१८५४ च्या फेब्रुवारीत रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवून बॉनजवळच्या एन्डेनिशच्या मनोरुग्णालयात ठेवले. जूनमध्ये शेवटचा मुलगा जन्मला आणि ऑक्टोबरात क्लारा दौऱ्यावर निघाली, कारण सात मुलांचा खर्च मैफलीच्याच पैशांतून निघणार होता. जुलै १८५६ मध्ये रॉबर्ट गेला. त्यानंतरच्या दौऱ्यांत इंग्लंड पुन्हा पुन्हा येत राहते. तिच्या मैफलींच्या तेराशेहून अधिक कार्यक्रमपत्रिका त्स्विकाऊच्या शूमान संग्रहालयात जपल्या आहेत. त्या क्रमाने लावल्या तर दिसते की हेर्त्स, पिक्सिस, थालबेर्ग यांच्या चमकदार रचना हळूहळू गळत गेल्या आणि बाख, बेतोव्हेन, शोपँ, शूमान, पुढे ब्राम्स राहिले. ती कागदाशिवाय, पाठ केलेले वाजवायची. त्या काळी ते उद्धटपणाचे वाटे. आज तीच रीत झाली आहे.

सुरक्षित पद्धत कुठे उसवली

वीकच्या तालमीने क्लाराला वेदनेपासून कायमचे वाचवले, असे लिहिले तर हे प्रकरण अर्धवट राहील. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धातच तिचा हात अधूनमधून दुखू लागला होता. १८७३ च्या अखेरीस, ब्राम्सचा डी मायनर पियानो कन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना) तयार करताना, उजवा हात इतका बिघडला की जवळपास वर्षभर तिला मंचापासून दूर राहावे लागले. तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती.

कारण रचनेच्या पानावरच दिसते. त्या कन्चेर्तोत दोन्ही हातांत जाड कॉर्ड, सप्तकांच्या लांब ओळी, दुहेरी सुरांचे ट्रिल, आणि समोर पूर्ण वाद्यवृंद. बोट जवळ ठेवून दाबण्याची पद्धत ज्या व्हिएन्ना-पियानोवर घडली त्याच्या कळा हलक्या आणि उथळ होत्या, आवाका साडेसहा सप्तकांच्या आसपास. १८७० पर्यंत पियानोला लोखंडी चौकट आली, तारांवरचा ताण वाढला, हातोड्या जड झाल्या, कळ खोल जाऊ लागली. आजच्या कॉन्सर्ट ग्रँडवर कळ खाली जायला साधारण पन्नास ग्रॅम वजन लागते. मोठा आवाज काढायचा तर त्याच्या कितीतरी पट जोर. एवढा जोर फक्त बोटांतून आणि कोपरापुढच्या स्नायूंतून काढायला गेले की ते सतत आवळलेले राहतात. भर पडली ती वयाची, प्रवासाची आणि घरातल्या आजारपणांची.

१८७५ मध्ये कील इथे प्रसिद्ध शल्यवैद्य फ्रीडरिश फॉन एस्मार्श यांनी तिच्यावर उपचार केले. मालिश होती, पण त्याहून महत्त्वाचा होता तो सल्ला : वाजवणे पूर्ण बंद ठेवू नका, दुखले तरी थोडे थोडे वाजवा. आजच्या वेदनाचिकित्सेतही याच वळणाचा विचार आहे. पूर्ण विश्रांतीने स्नायू आणखी दुबळे होतात आणि दुखण्याची भीती वाढते, म्हणून मोजक्या मिनिटांनी सुरुवात करून सराव वाढवत नेतात. क्लारा मंचावर परतली आणि पुढे सोळा वर्षे वाजवत राहिली. कोणती रचना हाताला झेपते याचा हिशेब मात्र ती काळजीपूर्वक करू लागली. जो मोठा वादक आपल्या यादीतून एखादी आवडती रचना काढून टाकतो, त्याच्या त्या निर्णयाला तालमीचाच भाग मानायला हवे.

फ्रँकफर्ट : १८७८ ते १८९२

फ्रँकफर्टला डॉ. होख यांच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून १८७८ मध्ये संगीतशाळा उघडली. संचालक योआखिम राफ यांनी क्लाराला बोलावले. अध्यापकांत स्त्रिया नकोत असे त्यांचे मत होते, पण मादाम शूमान यांना आपण पुरुषांतच धरू शकतो, असे त्यांनी लिहिले. तिने आपल्या अटी आधीच ठरवल्या होत्या : रोज फक्त दीड तास शिकवीन, तेही माझ्या घरी, वर्षाला चार महिने सुट्टी, हिवाळ्यात दौऱ्यांची मोकळीक. अटी मान्य झाल्या. म्युलिउसश्ट्रासेवरच्या घरी वर्ग भरू लागला.

शिकवण्याचा साचा असा. मुली मारी आणि ऑयगेनी नव्या शिष्यांची तयारी करून घेत. हात बसला, बोटे मोकळी झाली की मग विद्यार्थी आईकडे जाई. तिच्यासमोर एका वेळी दोन-तीन विद्यार्थी बसत आणि एकमेकांचा धडा ऐकत. यात वेळ वाचतो, पण खरा फायदा वेगळा आहे : दुसऱ्याची चूक ऐकताना आपल्या हातावर ताण नसतो, म्हणून कान जास्त उघडे राहतात. धड्याचा क्रम साधारण ठरलेला : आधी स्केल आणि एट्यूड (सरावाच्या रचना), मग बाख, मग बेतोव्हेन, शोपँ किंवा शूमान. फ्रान्झ लिस्टच्या संगीताला तिच्या वर्गात जागा नव्हती. तिथे तिचे मत कडवे होते.

वडिलांच्या पद्धतीत तिने एक दुरुस्ती केली, आणि जड पियानोच्या काळात ती आवश्यक होती. शिष्या आदेलिना द लारा यांनी दिलेल्या वर्णनाप्रमाणे बोट कळेजवळच राहायचे, कॉर्ड वरून मारायची नाही, आतून पिळल्यासारखी दाबायची. पण जोर बोटातून काढायचा नाही. दंड सैल, मनगट सैल, आणि बळ खांदा व पाठीच्या स्नायूंतून वाहत खाली यावे. घरी करून पाहायचे असेल तर अशी सुरुवात करा. तीन सुरांची एक कॉर्ड कळांवर आवाज न करता ठेवा. खांदे एकदा वर उचलून सोडा. मग कोपर किंचित पुढे जाऊ देत हाताच्या वजनाने कळा खाली जाऊ द्या. सूर उमटल्याबरोबर मनगट लवचीक होते का पहा. होत नसेल तर तळाशी पोहोचूनही तुम्ही दाबत राहिला आहात. सूर वाजून गेल्यावरचा तो जोर आवाजात भर घालत नाही, फक्त स्नायू थकवतो. एका कॉर्डला दहा सेकंद, एका बैठकीत आठ-दहा कॉर्ड पुरेत. घाई करणाऱ्याच्या हातून हे नेहमी बिघडते, कारण दुसऱ्याच दिवशी तो मोठ्या आवाजात करून बघतो.

वेगवान ओळी सरसर घासून नेणाऱ्या विद्यार्थ्याला ती ‘काइने पासाजन!’ असे ओरडून थांबवायची, अशी शिष्या फॅनी डेव्हिस यांची आठवण आहे. अर्थ असा की भरीचे, नुसते पळण्याचे सूर तिथे नाहीतच. प्रत्येक आकृतीत कुठेतरी गाणे आहे, ते शोध. रॉबर्टच्या लेखनात मधल्या बोटांखाली दडलेला आवाज फार असतो, त्यामुळे ही सूचना त्याच्या रचनांना नेमकी लागू पडते. वेगाबद्दल एक उदाहरण बोलके आहे. ‘किंडरसेनेन’मधल्या ‘ट्रॉयमेराय’ला रॉबर्टने मेट्रोनोमवर १००, म्हणजे मिनिटाला शंभर ठोक्यांचा वेग, दिला होता, क्लाराच्या आवृत्तीत तो ८० आहे. आज बहुतेक वादक ८० च्याही बरेच खाली, जवळजवळ झोपेच्या चालीने वाजवतात. ८० लावून एकदा वाजवून पाहावे. चार मापांचे (बारचे) वाक्य एका श्वासात येते आणि वीक गाणे का शिकवायचा ते हाताला कळते.

स्वतः क्लारा रोजच्या सरावाची सुरुवात स्केलनीच करायची, पण कोरड्या नव्हे. एका पट्टीतून दुसरीत सरकत, तिसऱ्या-दहाव्या सुरांच्या जोड्या, सप्तके, ट्रिल असे ते उत्स्फूर्त वाहत असे. मैफलीत रचनेआधी छोटी प्रस्तावना ती जागच्या जागी रचून वाजवायची. मुलींनी फार आग्रह केला तेव्हा १८९५ मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या शरदात, यातल्या काही तिने लिहून काढल्या. पाच वर्षांच्या मुलीला कागदाशिवाय सगळ्या पट्ट्यांत कॅडेन्स फिरवायला लावले होते, त्याचे हे सत्तर वर्षांनंतरचे फळ.

ऐकू येईनासे झाल्याने १८९२ मध्ये तिने शाळा सोडली. २० मे १८९६ रोजी फ्रँकफर्टमध्ये तिचे निधन झाले. दफन बॉनमध्ये, रॉबर्टशेजारी. तिचे स्वतःचे ध्वनिमुद्रण नाही. शिष्यांपैकी फॅनी डेव्हिस यांनी १९२८ मध्ये वाद्यवृंद-संचालक अर्नेस्ट आन्सेर्मे यांच्यासोबत शूमानचा कन्चेर्तो, आणि नंतर ‘किंडरसेनेन’ ध्वनिमुद्रित केले. आदेलिना द लारा आणि इलोना आयबेनश्युट्स यांचीही मुद्रणे आहेत. ती ऐकताना आधी बिचकायला होते : डावा हात उजव्याच्या किंचित आधी पडतो, कॉर्ड विस्कटून वाजतात. दोन-तीनदा ऐकल्यावर मधल्या बोटांतला आवाज वर येऊ लागतो आणि कुठेही कळ आपटल्याचा खट्ट असा आवाज येत नाही.